वाटाड्या की मोटार?

तीर्थयात्रेला निघालेल्या माणसापुढे आपल्याकडे पूर्वापार एक प्रश्न उभा राहत आलेला आहे. नाशिक असो, गया असो की काशी असो, पाय खाली टाकताच क्षेत्रोपाध्ये सामोरे येतात. गावाचे व कुळाचे नाव विचारतात. जाडजूड वही उघडून आजोबा-पणजोबांच्या सह्या दाखवितात आणि पुढे होऊन वाट दाखवू लागतात. कित्येक यात्रेकरू सारा भार त्यांच्यावर टाकून निश्चिंत होतात. दुसरे काही मनाशी म्हणतात, 'नदी दिसते आहे, देवळाचा कळस दिसतो आहे. मग मध्ये हा गृहस्थ कशाला?' आणि ते आपले आपण घाट शोधीत निघतात. ह्या दोहोंपैकी शहाणा कोण, ह्याचा निकाल लागला नाही म्हणून फारसे बिघडत नाही. एक घाट चुकला तर शेजारच्या घाटावर स्नान होते.

परंतु जेथील दैवत केवळ बोलण्यापुरते जागृत नसून पृथ्वीच्या पोटातून रसरसत वर येते, जेथील किनारा सकाळी असतो आणि संध्याकाळी समुद्रात नाहीसा झालेला असतो, तेथे हाच प्रश्न निराळे रूप धारण करतो. ज्वालामुखी पाहावयास जाणाऱ्याने वाटाड्या घेऊन निघालेल्या सहलीत सामील व्हावे, की भाड्याची मोटार घेऊन आपल्या मनाप्रमाणे हिंडावे?

हा प्रश्न आज पुष्कळ मराठी घरांतही विचारला जातो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या मुलाकडे मुंबई-पुण्याहून, इंदूर-बडोद्याहून आईवडील जातात, आणि चार दिवसांची सवड काढून सारे कुटुंब पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर जाते. त्या बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटाचेच नाव हवाई. त्याच्या दक्षिण भागात ४,१६९ मीटर उंचीचा माउना लोआ हा विशाल पर्वत पसरलेला आहे, आणि त्याच्या कुशीला सुमारे १,२५० मीटर उंचीचा किलाउएआ. उंचीने हा दुसरा धाकटा. पण जगातील अत्यंत क्रियाशील ज्वालामुखींत त्याची गणना होते. त्याच्या माथ्यावर पेले देवी राहते, अशी तेथील मूळच्या लोकांची श्रद्धा आहे. तेथील दगड घरी घेऊन जाणे हे त्यांना देवीच्या अंगणातील वस्तू उचलण्यासारखे वाटते. मोहाने उचललेले दगड टपालाने परत पाठविणारे परदेशी प्रवासी पुष्कळ आहेत.

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. १८६६ मध्ये मार्क ट्वेन हा प्रख्यात लेखक किलाउएआ पाहण्यास गेला तो घोड्यावरून. त्या काळी त्या रानात वाट माहीत असलेला माणूस बरोबर घेणे भागच असे. पुढे दोन गोष्टी घडल्या. १९१२ मध्ये टॉमस जॅगर ह्या भूशास्त्रज्ञाने विवराच्या काठावर वेधशाळा स्थापन केली, आणि १९१६ मध्ये तो सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. उद्यानामागून पक्के रस्ते आले; रस्त्यांमागून मोटारी आल्या. परंतु मोटारीपेक्षाही मोठा बदल होता तो ज्ञानाच्या मालकीचा. जी माहिती एकेकाळी चार वाटाड्यांच्या डोक्यात होती, ती उपकरणांनी टिपली जाऊन सर्वांसाठी प्रसिद्ध होऊ लागली. आज किलाउएआची प्रकृती कशी आहे, भूकंप किती झाले, माथ्यावरची जमीन किती फुगली, विषारी वायू किती बाहेर पडतो आहे, ह्याची वार्ता वेधशाळा दररोज देते. प्रवासी स्वतंत्रपणे हिंडू शकतो तो मोटारीला चाके आहेत म्हणून नव्हे, तर ही वार्ता त्याला फुकट मिळते म्हणून.

तरीही सहलीचे आकर्षण खोटे नाही. बेटाच्या पश्चिमेकडे कोना नावाचा कोरडा, उन्हाळ किनारा आहे. पोहण्याची मौज असल्यामुळे बहुतेक प्रवासी तेथेच उतरतात. कोनापासून ज्वालामुखी सुमारे १५५ किलोमीटर दूर आहे. जाण्यास अडीच तास आणि येण्यास तितकेच. विवरातील अग्नीचा रंग अंधारात खुलतो, म्हणून सूर्यास्तानंतर थांबल्यावाचून जाण्याचे सार्थक होत नाही. म्हणजे परतीचा प्रवास रात्रीचा, अपरिचित रस्त्याचा आणि पुष्कळदा पावसाचा. त्यातून आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, तेथे उजव्या बाजूने. दिवसभर चालून दमलेला मुलगा चाकाशी बसलेला आहे आणि मागे आईवडील पेंगत आहेत, अशा वेळी लाव्हारसापेक्षा डुलकीच अधिक घातक ठरण्याचा संभव असतो. सहलीच्या गाडीत ही चिंता नाही. निवासाच्या दारातून ती उचलून नेते, जेवण देते, सांगणारा जाणता असेल तर समोरच्या दगडाधोंड्यांना जिवंत करतो आणि रात्री पुन्हा दारात आणून सोडते. ज्यांचा मुक्काम कोनाला आहे आणि हाताशी एकच दिवस आहे, त्यांनी सहल घेतली तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

परंतु सहलीला एक जन्मजात दोष आहे. तिचा दिवस आधी ठरतो, आणि ज्वालामुखीचा दिवस कोणी ठरवू शकत नाही. २३ डिसेंबर २०२४ रोजी किलाउएआच्या माथ्यावरील हालेमाउमाउ विवरात एक नवा उद्रेक सुरू झाला. त्याची रीत विलक्षण होती. लाव्हारसाचे कारंजे उसळावे, कधी ते तीनशे मीटरांहूनही उंच जावे, काही तासांत वा फार तर काही दिवसांत ते अकस्मात थांबावे, आणि मग कित्येक दिवस पर्वताने चिडीचूप बसावे, असा क्रम २०२५ मध्ये एकसारखा चालला. ह्या काळात कित्येक वेळा कारंज्याचे आयुष्य बारा तासांहूनही कमी होते. शांततेच्या काळात भूगर्भात रस साठतो, माथा किंचित फुगतो, आणि कारंजे उडू लागताच तो पुन्हा बसतो. ही सूक्ष्म हालचाल मोजूनच पुढील कारंजे साधारण कोणत्या दिवसांत उडेल ह्याचा अंदाज वेधशाळा वर्तवीत असे. आता ज्याने मंगळवारच्या सहलीचे पैसे भरून ठेवले आहेत त्याला मंगळवारीच जावे लागते, मग समोर नुसती वाफ का दिसेना. ज्याने उद्यानापासून पन्नासेक किलोमीटरांवर असलेल्या हिलो गावी मुक्काम केला आहे आणि दारात मोटार उभी केली आहे, तो बातमी कानी येताच मध्यरात्रीही निघू शकतो.

मोटारीचे दुसरे सुख असे की ती जेथे थांबावेसे वाटते तेथे थांबते. १९५९ मध्ये किलाउएआ इकी ह्या लहान विवरातून लाव्हारसाचे कारंजे सुमारे ५८० मीटर उंच उडाले होते आणि विवरात अग्नीचे तळे साचले होते. आज त्या तळ्याचा काळा कडक तळ पायी ओलांडता येतो. भेगांतून अजून वाफ येते, आणि त्या भेगांतूनच लालचुटूक फुलांची ओहिआ नावाची झाडे मान वर काढतात. जवळच लाव्हारसाने खोदलेले एक भुयार आहे. वरचा रस थंड होऊन त्याचे छप्पर झाले, आतला रस वाहून गेला आणि पोकळी तेवढी उरली. सहलीचा माणूस घड्याळाकडे पाहत असतो. अशा ठिकाणी मुलाला हवे तितके प्रश्न विचारू देण्याची उसंत त्याच्यापाशी क्वचितच असते.

ह्या काळ्या तळावर मराठी माणसाने थोडे अधिक रेंगाळावे, ह्याला एक विशेष कारण आहे. गुळगुळीत, दोरीच्या वेटोळ्यांसारख्या सुरकुत्या पडलेल्या लाव्हाला हवाईच्या भाषेत 'पाहोएहोए' म्हणतात आणि खडबडीत, पायाला टोचणाऱ्या लाव्हाला 'आआ'. हे दोन्ही शब्द साऱ्या जगातील भूशास्त्रज्ञांनी स्वीकारलेले आहेत, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचे वर्णन करतानाही तेच वापरले जातात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये असेच लाव्हाचे थरांवर थर पसरले. सह्याद्रीचे कडे, रायगडाचे कातळ, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो पाषाण, हे सारे त्या महाउद्रेकाचे थंड झालेले अवशेष होत. ज्याने लहानपणी गडावर चढताना असा दगड पायाखाली तुडविला आहे, त्याला किलाउएआवर अगदी परक्या भूमीत आल्यासारखे वाटू नये. फरक इतकाच की येथे तो दगड अजून घडत आहे.

उद्यानातून समुद्राकडे एक रस्ता उतरतो. वाटेत विवरांची रांग लागते म्हणून त्याला 'विवरमालेचा रस्ता' असेच नाव पडले आहे. सुमारे तीस किलोमीटरांत तो अकराशे मीटर खाली येतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या माउना उलूच्या उद्रेकाने ह्या रस्त्याचा मोठा भाग गाडून टाकला. तो पुन्हा बांधून १९७९ मध्ये खुला केला. १९८३ मध्ये पूऊ ओओ येथे दुसरा उद्रेक सुरू झाला, तो पस्तीस वर्षे, २०१८ च्या एप्रिलपर्यंत, चालू राहिला आणि त्याच्या लाव्हाने तोच रस्ता खालच्या अंगाने पुन्हा गिळला. आज मोटार समुद्रकाठापर्यंत जाते आणि एका ठिकाणी थांबते. पुढे रस्ता होता ह्याची खूण म्हणजे काळ्या दगडाचा समुद्र. तेथे एक अडसर असतो आणि पलीकडे जाऊ नये अशी सूचना.

स्वतंत्र प्रवाशाची खरी परीक्षा अशा अडसराशी होते. पुढे तर सारे शांत दिसते, मग ही मनाई कशासाठी, असे त्याला वाटते. सरकारी पाटी म्हणजे कोणा कारकुनाची हौस, अशी आपली एक समजूत असते. पण ज्वालामुखीवरील पाटीमागे बहुधा कोणाचा तरी मृत्यू असतो. लाव्हारस समुद्रात पडतो तेव्हा तो फुटून त्याची वाळू आणि खडी होते. ती खडी समुद्राच्या उतरणीवर साचते, आणि तिच्यावर लाव्हाचे पातळ झाकण बसते. वरून पाहणाऱ्यास ती नवी, मजबूत जमीन वाटते. वस्तुतः ती खडीच्या ढिगाऱ्यावर टेकलेली फरशी असते. ती कधी ढासळेल ह्याचा नेम नसतो, आणि ढासळताच थंड पाणी व तप्त दगड एकत्र येऊन स्फोट होतात. १९९३ च्या एप्रिलमध्ये अशीच जमीन कोसळून एका माणसाचा अंत झाला. २०१६ च्या ३१ डिसेंबरला अशा नव्या जमिनीचा सुमारे दहा हेक्टरांचा तुकडा समुद्रात गेला. समुद्राला मिळणाऱ्या लाव्हातून उठणारा पांढरा ढगही नुसत्या वाफेचा नसतो; त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात. वाटाड्यावाचून आलेल्या माणसाला हे सारे सांगणारे तेथे दुसरे कोणी नसते. ती पाटीच त्याचा वाटाड्या असते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की मग वाटाड्या घेणेच सुरक्षित. पण तसेही सरसकट म्हणता येत नाही. २०१८ च्या मे महिन्यात किलाउएआच्या पूर्वेकडील वस्तीत जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. सातशेहून अधिक वास्तू त्याने नष्ट केल्या. माथ्यावरचे विवर खचून सुमारे पाचशे मीटर खोल गेले. उद्यान चार महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले. रस्ते बंद म्हणून प्रवासी नावेतून लाव्हा पाहण्यास जाऊ लागले. १६ जुलैच्या पहाटे अशाच एका सहलीच्या नावेवर, पाण्यातील स्फोटाने उडालेला तप्त दगड छप्पर फोडून पडला आणि तेवीस माणसे जखमी झाली. नाव अनुभवी लोकांची होती, प्रवासी पैसे भरून निश्चिंत मनाने बसलेले होते. त्या निश्चिंतपणामुळे दगडाचा मार्ग बदलला नाही.

ह्याहून दारुण घटना न्यूझीलंडची. तेथील व्हाकारी बेटावर प्रवाशांना विवरापर्यंत नेणाऱ्या सहली वर्षानुवर्षे चालत असत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पर्वताच्या अस्वस्थतेचा इशारा एका पायरीने वाढविण्यात आला. सहली मात्र चालूच राहिल्या. ९ डिसेंबर रोजी दुपारी स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांपैकी २२ मृत्यू पावली. मृतांत वाटाडेही होते. उलट बाजूने जपानच्या ओन्ताके पर्वताचे उदाहरण पाहावे. २७ सप्टेंबर २०१४ हा शनिवार होता, पानगळीचे रंग पाहण्यासाठी माणसे आपापली शिखरावर गेली होती, आणि इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची होती. दुपारच्या सुमारास पर्वत फुटला आणि ६३ माणसे मृत वा बेपत्ता झाली. दोन्ही ठिकाणी तापलेल्या पाण्याची वाफ कोंडून झालेला स्फोट होता, आणि अशा स्फोटाची पूर्वसूचना मिळणे फार अवघड असते. वाटाड्या असणे वा नसणे ह्यापुढे गौण ठरते.

मग निवड कशाच्या आधारे करावी? ह्या घटनांकडे नीट पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्वालामुखीवर सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे परत फिरण्याचा अधिकार. तो कोणाच्या हाती आहे, आणि ज्याच्या हाती आहे त्याला तो वापरणे सोपे आहे की कठीण, हे आधी पाहावे. सहलीत हा अधिकार वाटाड्याकडे जातो. तो जाणता असेल तर सर्वांच्या आधी धोका ओळखतो. परंतु त्याचा व्यवसाय पुढे नेण्यावर चालतो, मागे आणण्यावर नव्हे. वीस माणसांनी पैसे भरलेले असतात, ती दूरदेशाहून आलेली असतात, आणि 'आज जाणार नाही' हे तीन शब्द उच्चारण्यास त्याला मोठे धैर्य लागते. मोटारीत हा अधिकार आपल्यापाशी राहतो; मागे फिरण्यास कोणाची परवानगी लागत नाही, कोणाचे नुकसान होत नाही. परंतु तेथे अडचण निराळी असते. 'फिरा' असे सांगणाराच कोणी नसतो, आणि इतक्या दूर आलो तर आणखी दहा पावले जाऊ, हा मोह माणसाच्या स्वभावातच आहे. एके ठिकाणी जाणीव आहे पण मोकळीक नाही. दुसऱ्या ठिकाणी मोकळीक आहे पण जाणीव आपली आपण मिळवावी लागते.

म्हणून जागेचा स्वभाव पाहून निर्णय करावा हे इष्ट. सिसिलीतील एटना पर्वतावर मोटार सुमारे १,९०० मीटरांपर्यंत जाते, तेथून तारेवरच्या पाळण्याने सुमारे अडीच हजार मीटरांपर्यंत चढता येते; परंतु शिखराजवळच्या विवरांकडे अधिकृत वाटाड्याशिवाय जाऊ देत नाहीत. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये तेथे विवराच्या काठावरील नऊ प्रवासी एका स्फोटात दगावले होते. अशा ठिकाणी मोटार जेथे संपते तेथे वाटाड्या सुरू व्हावा हेच योग्य. आपल्या देशात ज्वालामुखी पाहू इच्छिणाऱ्यास तर निवडीचे संकटच नाही. अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. शतकाहून अधिक काळ निद्रिस्त राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्या निर्मनुष्य बेटावर सामान्य प्रवाशास पाय ठेवता येत नाही. परवानगीने, नावेतून, दुरूनच त्याचे दर्शन घ्यावयाचे. किलाउएआ ह्या दोहोंहून वेगळा आहे. तेथे रस्ते आखलेले आहेत, धोक्याच्या जागा बंद केलेल्या आहेत, वेधशाळेची वार्ता रोज मिळते, आणि उद्यानाचे रक्षक विचारणाऱ्याला समजावून सांगण्यास तत्पर असतात. ज्याला वाचता येते आणि वाचलेले पाळता येते, त्याने तेथे मोटारीने जावे.

मात्र मोटारीने जाणाऱ्याने वाटाड्याची कामे स्वतः करावयास हवीत. निघण्यापूर्वी वेधशाळेची त्या दिवसाची वार्ता वाचावी. उद्यानात इंधन मिळत नाही, तेव्हा टाकी आधी भरून घ्यावी. माथ्यावर थंडी व पाऊस असतो. किनाऱ्यावरच्या सुती कपड्यांवर जाऊ नये. पायांत चपला नसाव्यात, जवळ विजेरी असावी. ज्वालामुखीतून गंधकाचा वायू बाहेर पडतो. दमेकरी, हृदयविकाराचे रोगी, लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया ह्यांना तो विशेष बाधतो. घरातील वडीलधाऱ्यांना दम्याचा विकार असेल तर वारा कोणीकडून कोणीकडे वाहतो आहे हे पाहूनच उभे राहण्याची जागा ठरवावी, आणि तशी जागा नसेल तर त्या दिवशी जाऊच नये.

आईवडिलांना घेऊन हिलोहून निघालेले एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. संध्याकाळी ते विवराच्या काठाशी पोचते. कारंजे थांबलेले आहे. खाली काळ्या तळातून एखादी तांबडी रेघ तेवढी दिसते. मुलगा हिरमुसतो, आणखी थोडे पलीकडून अधिक दिसेल असे त्याला वाटते, पण पलीकडे अडसर आहे. तेवढ्यात वारा फिरतो, गंधकाचा वास येतो आणि वडिलांना खोकल्याची उबळ येते. 'बाबा, चला, आपण परत जाऊ,' असे मुलगा म्हणतो. 'अरे, इतक्या लांब आलो, थोडे थांबू की,' असे वडील म्हणतात. मुलगा त्यांच्या खांद्यावर शाल घालतो आणि त्यांना हात धरून मोटारीकडे नेतो. ज्या कुटुंबात हे एवढे होऊ शकते, त्याने वाटाड्या घेतला नाही तरी चालेल. ज्यात होऊ शकत नाही, त्याने तो घ्यावा; आणि घेताना त्याला प्रथम एवढेच विचारावे की, गेल्या वर्षभरात आपण किती वेळा अर्ध्या वाटेवरून माणसे परत आणलीत?